पुलावरचा दम

मेहकरच्या पिराजी मास्तरांचा बँड बिदर जिल्ह्यातल्या भालकी तालुक्यात ओळखला जायचा तो कोटवाल्याच्या धूनसाठी. कोटवाला म्हणजे सिनेमातला गुप्तहेर. त्याचे एकामागून एक चार सिनेमे आले आणि चारींतही तो भर उन्हाळ्यातही लांब कोट घालून हिंडला. इकडच्या लोकांनी त्याचं खरं नाव कधी घेतलंच नाही. नवरदेव घोड्यावर बसला की गर्दीतून हाळी यायची, "मास्तर, कोटवाला होऊ द्या."

धून निम्म्यावर आली की ट्रंपेटवाले ट्रंपेट खाली घेत. नुसता मोठा ढोल वाजे, धाड धाड. पोरं बोटांच्या बंदुका करून एकमेकांवर रोखत. मग ट्रंपेट पुन्हा वर जात. मुडबीकडच्या वराती असोत की बिदरकडच्या, लोकांना वाटे ही धून अशीच आहे.

ती तशी नव्हती. तिसऱ्या सिनेमात पुलावर पाठलाग होता, त्याला ही धून होती. कॅसेटवर फक्त गाणी आली, त्यामुळे बँडनं ती भालकीच्या टॉकीजमध्ये बसून कानानं उचलली. पुलाच्या मध्यावर गोळीबार सुरू झाला की खालचं संगीत ऐकूच येत नसे. जे ऐकू आलं नाही ते वाजवलं नाही. गोळ्या ऐकू आल्या, त्या ढोलावर घेतल्या.

गोळ्यांखाली काय आहे हे एका माणसाला ठाऊक होतं. पिराजींचा धाकटा भाऊ धम्मानंद. त्याचा ट्रंपेट सगळ्या बँडमध्ये गोड. तो मुंबईला गेला, ओळखीच्या एका वादकाबरोबर स्टुडिओत शिरला आणि परत आला तो एवढंच सांगत, "पुलावर मी हाय, अण्णा." सिनेमा लागल्यावर अख्खी वस्ती ट्रॅक्टरात बसून भालकीला गेली. पूल आला. गोळ्या सुटल्या.

"कुठं हाईस रं धम्मा?" बापानं अंधारातच विचारलं.

"गोळ्यांच्या खाली हाय, बाबा."

"मग तुला कामून बोलवलं? लवंगी फटाक्यावर भागलं असतं की."

टॉकीज हसलं. धम्मानंदही हसला.

पुढं पिराजींनी त्याला कितीदा म्हटलं, की ती मधली जागा तूच वाजव, तुलाच येते. तो मान हलवायचा. "राहू दे अण्णा. तिथं असू दे ती." पिराजींना वाटलं, पोरगं नम्र आहे. त्यांनी ती जागा त्याच्यासाठी मोकळी ठेवली. मग कावीळ झाली आणि धम्मानंद गेला. त्याची मुलगी प्रेरणा तेव्हा नुकती चालायला लागली होती. त्याचं वाजवणं कुठंच उरलं नाही. लग्नाच्या व्हिडिओ कॅसेटी होत्या, पण शूटिंगवाले बँडचा आवाज पुसून वर सिनेमाची गाणी टाकत. त्यात धम्मानंदचे गाल फुगलेले दिसतात आणि आवाज दुसऱ्याच कुणाचा येतो.

प्रेरणा आता कलबुर्गीत नर्स आहे. तिथं हरिओम नावाचा मोबाइल दुकानदार तिला भेटला. कोटवाल्याच्या चाहत्यांचा गट तो चालवायचा. गावोगावची माणसं त्यात होती आणि सगळ्यांचं मागणं एकच होतं, चारही सिनेमांचं पूर्ण पार्श्वसंगीत बाहेर काढा. गोळ्यांशिवाय, संवादांशिवाय. पहिल्या सिनेमाचं कॅसेट काढणाऱ्या कंपनीनं तसं काढलंही होतं, शेवटी स्टुडिओत बाद झालेले तुकडेसुद्धा जोडून. तेव्हापासून गटाला तिसऱ्याची आस लागली होती. कुणी म्हणे टेप सापडल्या, कुणी म्हणे भिजल्या.

प्रेरणानं हे सांगितल्यापासून पिराजी फोनवर आधी तेच विचारायचे. "आलं का गं ते?"

"न्हाई अप्पा. आशा हाय म्हणायलेत."

"त्येंच्या आशेला काय जातंय. ते पन्नाशीचे हाईत. माझे दात पडायलेत."

दात पडले तसं ट्रंपेट ओठावर ठरेना. बँड चुलत पुतण्यांकडं गेला. तरी वरातीच्या गाडीत ते पुढं बसत आणि ती मोकळी जागा आली की मान खाली घालत. मरण्याआधी एकदा धम्मानंदला ऐकायचं, एवढंच त्यांच्या मनात राहिलं होतं. प्रेरणाचंही तसंच. तिनं तर त्याला एकदाही ऐकलं नव्हतं.

ऐन उन्हाळ्यात तिसऱ्या सिनेमाचं संगीत आलं. हरिओमनं दुकानातला चांगला स्पीकर प्रेरणाच्या हातात ठेवला आणि म्हणाला, "अक्का, आधी मास्तरांना ऐकवा. आम्ही नंतर ऐकू." तिनं सुट्टी टाकली आणि मेहकर गाठलं.

बँडचं सामान ठेवायच्या खोलीत ते दोघं बसले. पूल सुरू झाला. टॉकीजमध्ये जिथं गोळ्या सुटत, तिथं एक ट्रंपेट एकटाच वर चढत गेला, लांब, अडखळल्याशिवाय. प्रेरणाचे डोळे भरले.

"पप्पा?"

पिराजींनी कान स्पीकरजवळ नेला. मग म्हणाले, "न्हाई."

"कसं काय न्हाई? ते म्हणले होते ना..."

"दम बघ त्येचा. ओळ संपल्यावर घेतलाय. बसून वाजवणाऱ्याचा दम हाय तो."

त्यांच्या घरी दम घ्यायची, म्हणजे वाजवताना श्वास ओढायची, रीत वेगळी होती. बापानं दोन्ही पोरांना रस्त्यावर चालवत शिकवलं होतं. डावा पाय पडतो तेव्हा मोठा ढोल वाजतो; तेव्हाच दम घ्यायचा, ओळ मध्ये तुटली तरी चालेल. ढोलाखाली ते तुटणं कुणाला कळत नाही. धम्मानंदला दुसऱ्या कोणत्याही तऱ्हेनं दम घेताच येत नव्हता.

प्रेरणा फोनवरच्या यादीत खाली खाली गेली. बाद झालेल्या तुकड्यांत पुन्हा पूल होता. तिनं तो लावला.

तीच ओळ. पण मध्येच तुटली. जोडली गेली आणि पुन्हा तुटली. त्या गप्प स्टुडिओत दर वेळी श्वासाचा लहानसा आवाज येत होता. पिराजी ताठ झाले. ट्रंपेट थोडा वर चढला, तेवढ्यात काचेवर टकटक झाली आणि एक माणूस कंटाळलेल्या आवाजात म्हणाला, "रहने दो. दूसरे को बिठाओ."

प्रेरणा पिराजींकडं वळली.

"हे पप्पांना म्हणले?"

"व्हय."

"आणि ते घरी येऊन..."

"काय सांगावं गं त्यानं? ट्रॅक्टर भरून गेलतो आम्ही." पिराजींनी पंच्यानं तोंड पुसलं. टॉकीजमध्ये हसणारा भाऊ त्यांना दिसला. ही जागा तिथं असू दे, म्हणणारा दिसला. तो नम्र नव्हता. ते वाजवायचं म्हटलं की काचेवरची टकटक त्याला ऐकू येत असणार.

प्रेरणानं स्पीकरकडं हात नेला. तिला तो बंद करायचा होता.

"थांब," पिराजी म्हणाले.

ते उठले. भिंतीशी टेकवलेला मोठा ढोल त्यांनी ओढून पुढं घेतला, धूळ झटकली, ढोलाचं टिपरू हातात धरलं. "लाव परत."

ट्रंपेट सुरू झाला. पिराजी जागच्या जागी चालू लागले. डावा पाय पडला, ढोल वाजला. श्वास त्याच्या खाली गेला. पुन्हा डावा पाय, पुन्हा ढोल. ओळ कुठंच तुटली नाही. प्रेरणा ऐकत राहिली. मेहकरच्या रस्त्यावरून एक माणूस ट्रंपेट वाजवत चालला होता आणि तो कुठंच चुकत नव्हता.

काचेवरची टकटक यायच्या आधी तिनं आपणहून फोनवर बोट ठेवून ते थांबवलं.

"लाव परत," पिराजी म्हणाले. त्यांचा डावा पाय अजून उचललेला होता.