मांजर कोंडा, पिल्लू नको

आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई चंद्रभागाबाई, गेल्या तेव्हा मी जालन्याला बाजाराला गेले होते. परत येताना बदनापूर स्टेशनावर उतरले, तर शेजारचा रावसाहेब समोर उभा. "वहिनी, जल्दी घरी चला," एवढंच म्हणाला... आणि मी समजले. त्यांच्या पुण्यानुमोदनाचा विधी होऊन आता महिना उलटला. भेटायला येणारे म्हणतात, तुमच्या सासूबाई फार प्रेमळ होत्या. मी मान हलवते. प्रेमळ होत्याच, पण त्याआधी हेकट होत्या. एकदा न्हाई म्हणाल्या की जग इकडचं तिकडं झालं तरी न्हाईच.

सत्तरच्या दशकात मी लग्न होऊन या घरात आले, तेव्हा त्यांचा आणि पलीकडच्या गयाबाईंचा अबोला होता. कारण काय, तर मोरी. तुमच्या मोरीचं पाणी माझ्या अंगणात येतं, असं गयाबाईंचं म्हणणं. उतारच तिकडं आहे त्याला मी काय करू, हे आत्याबाईंचं. लेकी बोले सुने लागे म्हणतात. आमच्याकडे सुनेला बोललं की शेजारणीला लागायचं. त्यासाठी मला मुद्दाम अंगणात बोलावलं जाई.

एका उन्हाळ्यात अंगणातल्या डाळिंबावर बुलबुलानं घरटं केलं. आत्याबाईंनी त्या बाजूला धुणं वाळत घालणंही बंद केलं. पिल्लं नीट उडता येण्याआधीच खाली उतरली, अंगणभर टुणटुण करू लागली... आणि गल्लीतल्या मांजरांना वर्दी लागली. आमच्या यांनी शहाणपणा करून तिन्ही पिल्लांवर कोंबड्या झाकायचं डालं पालथं घातलं. बुलबुल चोचीत अळी धरून डाल्याभोवती घिरट्या घालायला लागला. ते पाहून आत्याबाई लेकावर कडाडल्या, "आरं, पिल्लं कोंडून राह्यला व्हय? त्यायला चारीन कोण, तू? कोंडायचं तर मांजर कोंड!" डालं उचललं गेलं आणि त्याखाली आमचीच मनी गेली. मग लग्नाचं आवतण द्यावं तशा त्या घरोघर फिरल्या. "चार रोज मांजर आत ठेवा, आमच्याकडं पिल्लं उतरलेत." लोक हसले, पण त्यांचा शब्द मोडायची कुणाची छाती नव्हती.

राहिलं एकच घर. गयाबाईंचा बोका चांगला धष्टपुष्ट आणि अट्टल. आत्याबाई मला मोठ्यानं म्हणाल्या, "सूनबाई, कोणाकोणाचे बोके लईच मोकाट सुटले गं." भिंतीपलीकडून उत्तर आलं, तेही गयाबाईंनी आपल्या शेळीला दिलेलं. "ज्याला सांगायचं त्यानं दारात येऊन सांगावं." आत्याबाई काही गेल्या नाहीत. दुपारी बोक्यानं एक पिल्लू नेलं.

अंगणात थोडी पिसं पडली होती. आत्याबाई त्या पिसांकडे नुसत्या बघत राहिल्या. मग डोक्यावर पदर घेतला आणि निघाल्या. मीही मागोमाग, मला वाटलं, आज या एकमेकींच्या झिंज्या धरतात. गयाबाई दारातच होत्या.

"गया, बोका आत घे. दोनच राह्यले."

"आन् मोरीचं काय?"

आत्याबाईंनी माघार घेतलेली मी कधी पाहिली नव्हती.

"पाणी माझंच येऊन राह्यलं तुझ्याकडं. माझंच चुकलं. चर खोदून घेते. पर पयले बोका धर."

गयाबाईंनी बोक्याला उचललं आणि चक्क आमच्या अंगणात येऊन, त्याला मांडीवर दाबून बसल्या. उन्हं कलेपर्यंत दोघी पिल्लांवर नजर ठेवून बोलत होत्या. इतक्या वर्षांचं साचलेलं... बोका सारखा गुरगुरत होता. ती दोन्ही पिल्लं उडाली. मला तोवर आत्याबाईंचा नुसता धाक होता. माया वाटायला लागली ती त्या दिवसापासून. पुढे दर उन्हाळ्यात गयाबाई मांजर मांडीवर घेऊन आमच्याकडे राखणीला बसायच्या.

यंदाही डाळिंबावर घरटं झालं. परवा पिल्लं उतरली. मी बाहेर आले, तर गयामावशी काठी टेकत आलेल्या, ओट्यावर बसलेल्या. मांडी रिकामी.

"मावशी, तुमच्याकडं आता मांजर कुठंय?" मी विचारलं.

"न्हाई," त्या म्हणाल्या. "चंद्रभागा बी न्हाई. पर पिल्लं तर उतरलेत ना."