हौसाक्कांचा राहिलेला शॉट

दुपारचं जेवण अंगावर आलंय. एडिटिंगच्या खोलीत एसी घुरघुरतोय आणि पद्मजाचे डोळे पडद्यावरून घसरत घसरत मिटतात. मिटताना डोक्यात एकच गोष्ट असते, संध्याकाळी तुषार येणार. तुषार दिग्दर्शक. सिनेमा संपतो तो लेकीची एसटी निघून गेल्यावर दारात उभ्या आईच्या चेहऱ्यावर, आणि तो चेहरा घ्यायच्या आधीच आईचं काम करणाऱ्या हौसाक्का गेल्या. तुषार म्हणतो, दुसरी बाई आणू, आईचं सगळं काम नव्यानं करू. म्हणजे हौसाक्कांचं शेवटचं काम कचऱ्यात. पद्मजाला हे मुळीच पटलेलं नाही, पण नाही म्हणायचं तर हातात काहीतरी हवं.

"झोपलीस व्हय गं?"

हौसाक्का शेजारच्या खुर्चीत बसल्यात, मांडीवर अडकित्ता. सेटवरही तो कधी सुटला नाही. येणाऱ्या-जाणाऱ्याच्या हातावर सुपारीचं खांड ठेवल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे.

"तुमचा चेहरा राहिला, अक्का."

"ऱ्हातोय कसा? आख्खा म्हैना तुमच्या क्यामेऱ्याफुडं हुते की."

समोरची भिंत नाही. तिथं एसटीचा थांबा आहे आणि थांब्यावर माणसांऐवजी थिएटरातल्या लाल खुर्च्या गाडीची वाट बघतायत. एसटी येते. तिच्या खिडक्यांतून सिनेमातली दृश्यं एकामागून एक सरकतात.

"ॲक्शन म्हनायच्या आधीचं काय करतेस?" अक्का विचारतात. "क्यामेरा चालू असतोय, लायटीवाला दिवा हलवत असतोय, आन् म्हातारी दारात हुबी."

तेवढं चित्रण हाती आल्या आल्या पद्मजा कापून टाकते, भाजीचे देठ खुडावेत तसं. कुणीच ठेवत नाही.

"पण तेव्हा तुम्ही अभिनय करत नव्हता."

"न्हवतेच. चा कुठं आडलाय ते बघत हुते."

अडकित्ता कट्कन वाजतो. एका खिडकीत एसटी निघून जाते, पुढच्या खिडकीत म्हातारी दारातून रस्त्याकडं बघत राहते. वाट चहाचीच आहे, पण आधी एसटी गेल्यामुळे ती लेकीची होते. पद्मजाला रडू फुटतं.

"तोंड माजं," अक्का म्हणतात, "पन ते कुनाकडं बघतंय ते तू ठरव. तुजं कामच ते."

"आणि तुषारला नाही पटलं तर?"

"गाडी गेली तरी तिचा आवाज ऱ्हाऊ दे माज्या तोंडावर. ते बघ म्हनावं, मग बोल." त्या पद्मजाची डावी मूठ आपल्या हातानं मिटतात. "ऊठ आता."

एसी घुरघुरतोय. पद्मजा ताडकन सरळ बसते आणि उजव्या हातानं टाकून दिलेले तुकडे उघडते. दिवा हलतो, उजेड अक्कांच्या गालावरून उतरतो, आणि त्या रस्त्याकडं बघत उभ्या असतात. ती हा तुकडा एसटीच्या मागे लावते, आवाज लांबवते, बघते. मग तुषारला फोन लावते.

"दुसऱ्या बाईला बोलावू नकोस. अक्कांचा शेवटचा शॉट आहे माझ्याकडे."

"तो आपण घेतलाच कधी?"

डावी मूठ अजून मिटलेलीच आहे, हे पद्मजाच्या आत्ता ध्यानात येतं. ती उघडते. तळहातावर सुपारीचं खांड आहे.

"तू ये. आधी बघ, मग बोल," ती म्हणते आणि खांड तोंडात टाकते.