बाटला उभाच राहील

आमच्या थोरल्या जाऊबाई भांडताना आवाज चढवत नाहीत, शिलाई मशीनचा वेग वाढवतात. प्रवासी बॅगा शिवून देण्याचा त्यांचा धंदा. मी या घरात नवी होते तेव्हा मशीन जोरात चाललं की मला वाटायचं, मोठी ऑर्डर आली असणार. पुढे कळलं, त्यांचे यजमान, म्हणजे भाऊजी, दुकानातून येऊन काहीतरी बोललेले असतात.

बैठकीत जाऊबाईंनी काचेची टाकी मांडली ती माशांपेक्षा झाडांसाठी. पाण्याखाली हिरवं रान करायचं होतं त्यांना. पण पानं पिवळी पडायला लागली. "झाडांना गॅस लागतो," असं त्या जेवताना म्हणाल्या आणि भाऊजींचा घास हातातच राहिला.

"गॅस? स्वयंपाकघरात एक बाटला आहे तो पुरत नाही का?"

"तो पेटणारा. हा कार्बन डायऑक्साइड. सोड्यात बुडबुडे असतात ना, तो."

"मग सोड्याची बाटली ओत की!"

त्या दिवशी मशीन दणादणा चाललं. आणि आठवड्याभरात बाटला घरात आला.

पाहुण्यांना दिसायला नको म्हणून भाऊजी तो सोफ्याखाली आडवा सरकवायला निघाले.

"आडवा नाही हं. आडवा केला तर आतला द्रवरूप गॅस रेग्युलेटरमध्ये शिरेल. बाटला उभाच राहील, आणि बांधलेला राहील."

नुकत्याच रंगवलेल्या भिंतीला जाऊबाईंनी स्वतः भोक पाडलं, हूक ठोकला आणि बॅगेचा जाड पट्टा दुहेरी शिवून बाटला आवळला. भाऊजी भिंतीकडे असे बघत होते, जणू ड्रिल त्यांच्याच पाठीत चाललंय.

मग ते रोज वाकून वास घ्यायला लागले. "वास नाही, म्हणजे गळत नाही."

"अहो, ह्याला वास नसतोच. नाकाला सुट्टी द्या."

जाऊबाईंनी साबणाचं पाणी ब्रशने सांध्यांना लावलं. रेग्युलेटरपाशी एक फुगा हळूच फुगला. मी मनातल्या मनात देवाचं नाव घ्यायला लागले. त्यांनी बाटला बंद केला, वायसर नीट बसवला, पान्याने नट आवळला आणि बाटला उघडून पुन्हा साबण लावला. फुगा आला नाही. टाकीतलं पाणी नळीतून उलटं रेग्युलेटरकडे जाऊ नये म्हणून मधे एकतर्फी झडपही घातली.

पानं हिरवी झाली. आणि एका संध्याकाळी त्या टाकीवरचा दिवा मालवून गॅस बंद करायला विसरल्या.

अंधारात झाडं हा गॅस घेत नाहीत. रात्रभर तो पाण्यातच मुरत राहिला. सकाळी सगळे मासे वर येऊन तोंड उघडून धापा टाकत होते. एक तळाशी पडला होता.

"बघ! मारलंस की नाही?" भाऊजी पट्टा सोडायला धावले. "आजच्या आज हा बाटला आणला तिथे परत!"

"हात लावू नका."

जाऊबाईंचा चढलेला आवाज मी पहिल्यांदाच ऐकला. भाऊजींनीही बहुतेक पहिल्यांदाच.

"विसरले मी. बाटल्याने काय केलंय? माझं चुकलं, मीच निस्तरीन. पण एकदा चुकले म्हणून सगळं गुंडाळून ठेवणार नाही. तुमच्या दुकानात काय कधी चुकत नाही? मग शटर पाडता?"

बोलता बोलता त्यांनी गॅस बंद केला, हवेचा पंप लावला, टाकीतलं थोडं पाणी बादलीत काढून ताजं भरलं.

"उभेच आहात तर ही ओतून या."

भाऊजींनी रागारागाने बादली उचलली. पण उचलली. बाकीचे मासे हळूहळू खाली गेले.

दुपारी जाऊबाईंनी दिवा आणि गॅसची विजेवर चालणारी झडप एकाच टायमरवर जोडली. दिवा गेला की गॅसही बंद.

"आणि टायमर बिघडला तर?" भाऊजींनी विचारलं.

"तर मी आहे."

गेलेल्या माशासाठी मी देवापुढे हात जोडले. जाऊबाई तिथे आल्या नाहीत. त्या खिडकीपाशी होत्या. कधी गळलाच तर हा गॅस खोलीत साचायला नको, म्हणून त्यांनी बैठकीची खिडकी उघडली आणि ती कुणी लावू नये म्हणून कडीच काढून टाकली. हल्ली वारा आत येतो. भाऊजी शाल पांघरून पेपर वाचतात.