तीन शिट्ट्यांच्या आत

फोन इराचा होता, मावशीच्या नातीचा. "मामा, नानी नहीं रहीं..." एवढंच बोलली. मी तेलीबागहून स्कूटरवर अलीगंजला पोचलो तेव्हा ओट्यावर तिचा कुकर धुऊन पालथा घातलेला होता. तो पाहिला आणि मला रडू आवरेना.

त्या कुकरने भल्याभल्यांची परीक्षा घेतली होती. रेल्वेत इंजिनिअर असलेल्या काकांबरोबर मावशी अमरावतीहून लखनौला आली ती कायमचीच. संध्याकाळी टीव्हीवर उमेदवारांची वादावादी सुरू झाली की ती डाळीचा कुकर चढवायची. प्रश्नाला तीन शिट्ट्यांची मुदत. तेवढ्यात सरळ उत्तर आलं नाही तर टीव्ही बंद. "प्रश्न बटाट्याचा, उत्तर इतिहासाचं," ती म्हणायची. "उथळ पाण्याला खळखळाट फार." मी बँकेतला माणूस, मला छान बोलणारे आवडत. कोणी कोणाला कसं गप्प केलं यावर मी गुण द्यायचो. ती वैतागायची. "जिंकला कोण ते नको सांगूस. उत्तर काय दिलं ते सांग." ते मला कधीच सांगता यायचं नाही.

मग घरासमोरच्या उघड्या नाल्यात पडून तिचं खुब्याचं हाड मोडलं. काठी आली. नाला केव्हा झाकणार, एवढाच प्रश्न तिच्यापाशी उरला. "याचं एक सरळ उत्तर ऐकल्याशिवाय मी काही जायची नाही," असं म्हणायची... वॉर्डाची निवडणूक लागली तेव्हा कॉलनीने तिन्ही उमेदवारांना एकत्र बोलवायचं ठरवलं. "सभा माझ्याच अंगणात," मावशीने बजावलं. शेजारणींचे दोन कुकर मागवले, प्रत्येक उमेदवाराला एक. इराला गॅसपाशी उभं केलं.

पहिल्याने देशाच्या भवितव्यापासून सुरुवात केली. तीन शिट्ट्या झाल्या तरी स्वारी आमच्या गल्लीत पोचली नव्हती. दुसऱ्याने पाय धरले, "माताजी, आप तो हमारी माँ हैं," म्हणत डोळे पुसले आणि टाळ्या घेतल्या. खोटं कशाला बोलू, मीही वाजवल्या. तिसरी होती एक तरुण वकीलबाई. पहिल्याच शिट्टीला म्हणाली, "आंटी, पूरा नाला नहीं होगा। मोड़ तक होगा, बारिश से पहले। आगे का अभी नहीं कह सकती।" टाळी एकही नाही. मावशी मात्र काठी टेकत उठली. "इरा, गैस बंद कर दे."

त्या दिवशी तिसऱ्या कुकरातली डाळ कच्चीच राहिली आणि ती आम्ही मिटक्या मारत खाल्ली. "अर्धाच नाला म्हणाली की," मी कुरकुरलो. "असू दे," मावशी म्हणाली, "उत्तर पूर्ण दिलं ना?" इतकी खूश मी तिला कधी पाहिली नव्हती.

वकीलबाई निवडून आली. पावसाआधी वळणापर्यंत नाला फरशांनी झाकला गेला. मावशीला शेवटचं नेलं ते आम्ही त्याच फरशांवरून. खांदा देणाऱ्यांपैकी कुणाचाही पाय अडखळला नाही. डोळे भरलेले होते, पण मला तिचा फार अभिमान वाटत होता.

तेराव्याला ती वकीलबाई, आता नगरसेविका, भेटायला आली. शेजाऱ्यांनी वळणापुढच्या नाल्याचा विषय काढला. बाईंनी घसा खाकरला. "देखिए, हमने इस वार्ड के विकास के लिए..." तेवढ्यात आत शिट्टी झाली. इराने जेवणाची डाळ लावली होती.

बाई थांबल्या. स्वयंपाकघराच्या दाराकडे बघत राहिल्या... दुसरी शिट्टी व्हायच्या आत म्हणाल्या, "दिवाली तक।"

आत इराने गॅस बंद केला.