आप्पांच्या गाडीतली खरखर

आप्पा, म्हणजे माझे वडील, माझ्याशी बोलत नाहीत. मी जातीबाहेर लग्न केलं तेव्हापासून बोलत नाहीत. त्यांचा स्वभाव पाहता ते कधी बोलतील ही आशा मीही सोडून दिली होती. मग साखरेनं त्यांचे डोळे धरले आणि दर महिन्याला सांगलीला नेऊन डोळ्यात इंजेक्शन द्यायची वेळ आली. भाऊ फौजेत, तो तिकडे वर बर्फात. आईला गाडी येत नाही, आणि डोळ्यावर पट्टी बांधलेल्या माणसाला एसटीत चढवायचा तिला धीर होईना. तिनं मला साताऱ्याला फोन केला. "तूच ने बाई. मी इचारलंय त्यास्नी. न्हाई म्हणलं न्हाईत." आमच्या घरात यालाच होकार म्हणतात.

आमचं गाव उंब्रजजवळ. पहिल्या खेपेला मी भल्या सकाळी जाऊन पोचले, तर आप्पा आधीच गाडीत बसलेले. गाडी त्यांचीच, फौजेतून रिटायर झाल्यावर घेतलेली. आयुष्यभर त्यांनी लष्कराचे ट्रक डोंगरात चालवले, आणि आता शेजारच्या सीटवर बसून माझं गिअर टाकणं सोसायचं होतं. गाडी मागे घेताना मी आरशात पाहिलं. मागच्या काचेवर त्यांनी हौसेनं आम्हा दोघा भावंडांची नावं रेडियमच्या अक्षरांत टाकली होती, मधे मोराचं पीस. आता पीस होतं, भावाचं नाव होतं, आणि माझ्या नावाच्या जागी नुसती काच होती. आई दारात उभी होती. तिनं माझी नजर ओळखली. "उन्हानं निघालं आसंल," ती म्हणाली. मला ते पटवून घ्यायचं होतं, म्हणून पटलं.

कराड येईपर्यंत गाडीत कुणी चकार शब्द काढला नाही. मग आप्पांनी बोटानं रेडिओकडे खूण केली. मी लावला. आतून एका बाईचा आवाज आला, बुडाला, पुन्हा वर आला आणि नुसती खरखर उरली.

"ह्ये खरखरतंय," आप्पा समोरच्या काचेला म्हणाले. "बघ जरा."

इतक्या वर्षांनी हे शब्द माझ्यासाठी होते, गाडीत दुसरं कोण होतं? मी बटणं दाबत राहिले. साताऱ्याचं स्टेशन मागे सुटलं होतं आणि सांगलीचं अजून लागत नव्हतं. "गेलं," आप्पा म्हणाले. पेठ नाक्याच्या पुढे म्हणाले, "आष्ट्यापतूर न्हाई लागायचं." संध्याकाळी मी आईला हे सगळं शब्दन् शब्द सांगितलं, आणि ती पदरानं डोळे पुसत ऐकत बसली.

त्या दिवसापासून मी त्या रेडिओच्या मागे लागले. चिकाटी म्हणा, हट्ट म्हणा, ते मला आप्पांकडूनच आलंय. माझ्या डोक्यातलं सरळ होतं. रेडिओ नीट लागला की हळदीचे भाव लागतील, पावसाचा अंदाज लागेल, जुनी गाणी लागतील. त्यावर ते काहीतरी म्हणतील, मी काहीतरी म्हणेन. रेडिओच्या आडून का होईना, वडील परत मिळतील.

साताऱ्यातल्या एका ॲक्सेसरीवाल्यानं सांगितलं, मोबाईलचा स्वस्तातला चार्जर लावलेला असला की रेडिओत खरखर होते. माझा चार्जर तसलाच होता. तो काढून मी डॅशबोर्डच्या खणात टाकला, तर खरंच थोडा फरक पडला. मग आईला सांगून मी गाडी एक दिवस साताऱ्याला नेली आणि त्याच्याच सांगण्यावरून टपावर शार्कच्या पंखासारखी दिसणारी अँटेना बसवून घेतली. तिनं तसूभरही फरक पडला नाही. नवऱ्याला ती फार आवडली. तो म्हणाला, गाडी आता पाण्यातही चालेल. त्याच्याच सल्ल्यानं एका खेपेला मी फोनवरून जुनी गाणी लावली, स्वच्छ, एकही ओरखडा नाही. आप्पांनी अर्धं कडवं ऐकून घेतलं.

"ह्ये नगं. रेडिओ लाव."

माझ्या फोनमधलं गाणं त्यांना माझ्या हातचं वाटलं असणार. रेडिओ कुणाचाच नसतो, तो त्यांना चालतो. मला राग आला, पण चार शब्द मिळाले होते, म्हणून मी राग गिळला. त्या महिन्यांत मी त्यांच्या शब्दांना अशी हपापलेली असायचे. "आलं वाटतं," ते म्हणायचे. "पुन्यांदा गेलं." "वाईच मागं घे." एवढंच, तेही समोरच्या काचेकडे बघून. पण मला नीटनेटक्या संभाषणापेक्षा ते जास्त वाटायचं.

शेवटी सांगलीतच एक कार इलेक्ट्रिशियन गाठला. इंजेक्शन झालेलं, आप्पा पुढच्या सीटवर एका डोळ्यावर झाकण लावून बसलेले. इलेक्ट्रिशियन गप्पिष्ट होता. त्यानं टपावरच्या पंखावर टिचकी मारली. "ताई, ह्ये शोभंचं हाय. आत वायरच न्हाई. तुमची अँटेना हाय मागच्या काचंत." मला वाटलं, तो चेष्टा करतोय. त्यानं मागचं दार उघडून मला आत बोलावलं आणि मोबाईलचा उजेड काचेवर आतून धरला. काचेवर बारीक तांबूस रेघा होत्या. त्या मी नेहमी बघत आले होते, त्या कशासाठी असतात हे मात्र कधी मनात आलं नव्हतं.

"ह्या वरच्या लाइनी बघा, तुटल्यात," तो म्हणाला. "कुणी ब्लेड मारलं वो हितं? स्टिकर काढताना आसंल."

रेघा जिथे तुटल्या होत्या तिथे काचेवर तिरपे ओरखडे होते, एकावर एक, जोर लावून मारलेले. ओरखडे माझ्या नावाच्या जागेवर सुरू झाले होते आणि माझ्या नावाच्या जागेवरच संपले होते. शेजारच्या मोरपिसाला धक्का नव्हता. मग मला आठवलं की ती अक्षरं उलटी कापून आतूनच लावलेली होती. आप्पांनीच तसं करून घेतलं होतं, पावसापाण्यानं पोरांची नावं निघू नयेत म्हणून. उन्हानं निघालं असतं तर भावाचंही निघालं असतं.

"मी मारलंय," पुढून आप्पा म्हणाले. मान वळवली नाही.

"काका, गरम पाणी मारून काढायचं की," इलेक्ट्रिशियन मजेत म्हणाला. "आता जोडतो मी. पर परत नाव टाकायचं झालं तर भाईरनं टाका."

"न्हाई टाकायचं."

मी मागच्या सीटवर गुडघा टेकून तशीच वाकलेली होते. या माणसानं माझं नाव खरवडताना स्वतःचा रेडिओ तोडला आणि इतकी वर्षं त्याची खरखर ऐकत बसला, हे मला हसण्यासारखं वाटायला हवं होतं. मला रडू आलं, आणि रडू आल्याचा संताप आला. इलेक्ट्रिशियननं तुटक्या रेघांवर ब्रशनं चंदेरी रंग लावला. यातून करंट जातो म्हणाला. रंग वाळेपर्यंत मी फुटपाथवर उभी राहिले आणि आप्पा आत बसून राहिले.

रेडिओ असा लागला की काय सांगावं. निवेदिकेनं पान उलटलं तेही ऐकू आलं. आष्टा गेलं, पेठ नाका गेला, तरी सांगली सुटली नाही. हळदीचे भाव झाले, गुळाचे झाले, मग एक भावगीत लागलं. मी वाट बघत होते. कराडजवळ मला राहवेना. "आप्पा, नीट लागलं न्हवं आता?" मी विचारलं. ते खिडकीबाहेरच्या उसाकडे बघत राहिले. त्या डोळ्यांना ऊस दिसत नव्हता हे मला माहीत होतं. घरी आईनं विचारलं, आज काय म्हणाले? मी म्हटलं, काही नाही.

पुढच्या महिन्यातही काही नाही, त्याच्या पुढच्याही. रेडिओ स्वच्छ लागत होता आणि त्यांना मला सांगण्यासारखं काही उरलं नव्हतं. खरखर होती म्हणून आम्ही बोलत होतो. ती मीच खटपट करून घालवली.

परवाच्या खेपेला परतताना, पेठ नाक्याच्या पुढे, मी एका हातानं डॅशबोर्डचा खण उघडला, तो जुना चार्जर काढला आणि लावला. मी शाळेत शिकवते, चारचौघांत शहाणी समजली जाते, आणि मी हे केलं. गाण्यात खरखर शिरली. चार्जर जरा हलवला तशी वाढली. गाणारी बाई आत कुठेतरी बुडाली. मी समोर रस्त्याकडे बघत 'खरखरतंय' ऐकायची वाट पाहत राहिले.

आप्पांचा हात मांडीवरून उठला. इतक्या महिन्यांत तो हात रेडिओपर्यंत कधी आला नव्हता. त्यांना बटणं दिसत नाहीत, ते मला 'बघ जरा' म्हणायचे. हात आधी एसीवर गेला, मग चाचपडत लाल बटणावर पडला आणि चारही इंडिकेटर टकटक करायला लागले. मागून येणाऱ्या ट्रकनं हॉर्न दिला. आप्पा थांबले नाहीत. शेवटी त्यांना रेडिओचं गोल बटण सापडलं आणि त्यांनी ते दाबून रेडिओ बंद केला.

मी इंडिकेटर बंद केले, चार्जर काढून खणात टाकला. रेडिओ पुन्हा लावू का, हे मी विचारलं नाही. गाव येईपर्यंत मी नुसती गाडी चालवली.