काही न करण्याचं काम

डिसेंबर लागला की आमच्या कोथरूडच्या सोसायटीतली माणसं नाजूक झाडं आत घ्यायची आणि चौथ्या मजल्यावरचे रणपिसे काका आपले निवडुंग बाहेर काढायचे. पावसाळाभर पत्र्याखाली ठेवलेली एकेक कुंडी थेट उघड्या गच्चीवर. स्वतः मात्र स्वेटर, मफलर आणि वर माकडटोपी. "थंडी मला वाजते, त्यांना नाही," असं वर सांगायचे.

काकांची सगळी नोकरी खडकीच्या दारूगोळ्याच्या कारखान्यात गेली. "आमच्याकडे कामसू माणसापेक्षा हात आवरणाऱ्या माणसाला किंमत," हे त्यांचं नेहमीचं. निवडुंगांनाही तोच कायदा. दिवाळी ते शिवरात्र थेंबभर पाणी नाही. "थंडीनं हे मरत नाहीत हो. थंडीत पाय ओले राहिले की मरतात."

मी तेव्हा हिंजवडीच्या एका कंपनीत नुकतीच लागले होते. सकाळी बसची वाट बघत फाटकाशी उभी असले की काका गच्चीवरचं थर्मामीटर वाचून खाली येत आणि "आज आठ" एवढंच सांगून दूध आणायला जात. गुड मॉर्निंग वगैरे भानगड नाही.

एका जानेवारीत ते तीन आठवडे मुलीकडे हैदराबादला गेले. जाताना निवडुंग माझ्यावर सोपवून म्हणाले, "काही करायचं नाही. जमेल का?" मला हसू आलं. चांगली इंजिनिअर होते मी. न जमायला काय झालं?

मला जमलं, आईला नाही. ती रोज गच्चीवरच्या तुळशीला पाणी घालायची. शेजारी ही सगळी मंडळी कोरडी ठणठणीत. पंक्तीत एकालाच वाढल्यासारखं तिला व्हायचं. त्यातला थोरला निवडुंग माझ्या खांद्याला लागेल एवढा होता. काकांच्या दिवंगत पत्नीनं तो खडकीच्या क्वार्टरमध्ये असताना लावलेला. तांब्यात उरलेलं पाणी आई रोज त्याला घालत राहिली, आणि मला पत्ताही नाही.

काका आले ते सामान दारात टाकून गच्चीवरच गेले. आम्ही मागोमाग. त्यांनी थोरल्याच्या बुंध्यावर अंगठा दाबला आणि पिकल्या केळ्यात जावा तसा तो आत गेला.

"मीच पाणी घातलं हो भाऊ," आई रडवेली झाली. "कोरडा बघवेना."

"वहिनी, आपण फार प्रेमळ आहात," काका म्हणाले. "आता सुरी आणा."

त्यांनी खालून चकत्या काढायला सुरुवात केली. पहिल्या चकतीत मधोमध तपकिरी डाग. दुसरीत, तिसरीतही. काकूंचं झाड आखूड होत चाललं होतं आणि आई पदराने डोळे टिपत होती. वीतभर उरलं तेव्हा कुठे स्वच्छ हिरवा गर दिसला. काकांनीही डोळे पुसले. वारं बोचतंय म्हणाले. मग तो तुकडा त्यांनी आईच्या हातात दिला.

"होळीपर्यंत हा तुमच्या फ्रिजवर, कागदावर. पाणी दाखवायचंसुद्धा नाही."

"माझ्याकडे? अहो, माझ्याच हातून..."

"म्हणूनच. आता तुमच्याइतकं कोणी जपणार नाही."

आई दोन महिने त्या फ्रिजजवळून पाण्याचा तांब्या घेऊन गेली नाही. होळीनंतर काकांनी तो वाळूत लावला. उन्हाळ्यात शेंड्याला कोवळे काटे फुटले तेव्हा आईने अख्ख्या सोसायटीत पेढे वाटले. "बारसं मात्र करू नका," काका म्हणाले.

गेल्या पावसाळ्यात काका गेले. फार आठवण येते त्यांची. सकाळी कोणी आकडा सांगत नाही, तर थंडी पडल्यासारखीच वाटत नाही. त्यांच्या मुलीने सगळे निवडुंग आईला दिले. परवा मी गच्चीवर गेले. तो वीतभर तुकडा आता आईच्या डोक्याच्या वर गेलाय, पण थंडीत अंगाने आक्रसलेला, सुरकुतलेला. माझा जीव कळवळला. हातात पाण्याची बाटली होतीच.

"हात मागे," थर्मामीटरपाशी उभी असलेली आई म्हणाली. माकडटोपीतून तिचे फक्त डोळे दिसत होते. "आज आठ आहे. काही करायचं नाही. जमेल का?"