खो-खोची मुकी फिल्म

भल्या सकाळी मैदानावरून येणारा तो आवाज ऐकला आहे का तुम्ही कधी? 'खो!' बस, एवढाच. पोटातून उठून कंठावर आदळणारा, आखूड, खणखणीत, आणि तरी मैदानाच्या त्या टोकापर्यंत लख्ख पोचणारा. सोलापूरच्या उन्हाला अजून धार यायची असते, पाणी मारलेली माती तळव्यांना गार लागत असते, आणि त्या निवांतपणात हा आवाज पुन्हा पुन्हा उमटत राहतो. अकलूजच्या शाळेत असताना तो पहिल्यांदा माझ्या पाठीवर पडला, तेव्हा मी दचकून उठले होते आणि उलट्या बाजूला पळाले होते! पुढे वर्षानुवर्षे खेळले, मग इथल्या एका शाळेत भूगोल शिकवला, आता निवृत्त होऊन गुडघ्यांना तेल चोळत बसते. पण रस्त्याने जाताना कुठून 'खो' ऐकू आला, की पाय अजून उठायला बघतात. लोक हसतात. हसोत बापडे.

या खेळाचं एक वैशिष्ट्य तुम्हाला सांगायलाच हवं, कारण माझ्या संतापाचं मूळ तिथेच आहे. दोन खुंटांच्या मध्ये एका ओळीत मुली बसलेल्या असतात, एकीचं तोंड पूर्वेला तर शेजारणीचं पश्चिमेला. पाठलाग करणाऱ्या मुलीला मागे वळायची मुभा नाही. पळणारी ओळ छेदून पलीकडे गेली, की हिने बसलेल्या सखीच्या पाठीवर थाप द्यायची, 'खो' म्हणायचं, आणि त्या सखीने उठून पाठलाग पुढे न्यायचा. आता बघा, खो नेहमी मागून येतो! बसलेलीला तो देणारी दिसत नाही. तिच्याजवळ असतो तो केवळ एक स्पर्श आणि एक आवाज, आणि त्या भरवशावर तिने क्षणाचाही विलंब न करता झेपावायचं असतं. डोळ्यांपेक्षा कानांवर अधिक विसंबणारा असा दुसरा मैदानी खेळ मला तरी ठाऊक नाही. आमच्या गल्लीत यंत्रमाग आहेत. तिथल्या बायका चुलीपाशी बसून नुसत्या खडखडाटावरून सांगतात, कोणता माग अडला ते. आमचंही तसंच होतं. मागून येणाऱ्या पावलांवरून कळायचं, आता खो येणार की ती पुढे जाणार.

आणि अशा खेळाची फिल्म आवाज बंद करून बघायची! आहे की नाही कमाल?

माझी भाची... भाची कसली, लेकच म्हणा, नात्याने भावाची मुलगी असली तरी! तर ही रेवती माझ्याकडे राहून इथल्या एका कॉलेजात शिकते. शेवटचं वर्ष आहे तिचं. कॉलेजच्या खो-खो संघात पहिल्या वर्षापासून आहे, आणि यंदा हा संघ बाहेरगावी मोठ्या स्पर्धेला जायचा होता. पुढच्या वर्षी ती विद्यार्थिनी नसणार, म्हणजे ही संधी आत्ता नाही तर कधीच नाही. मात्र त्याआधी इथे झालेल्या आंतरमहाविद्यालयीन अंतिम सामन्यात संघ हरला, अगदी शेवटच्या क्षणी, एक गडी बाद करायचा राहिला म्हणून. तो राहिला रेवतीच्या हातून. संघाचं जाणं हरूनही कायम राहिलं, पण बाहेरगावी जाणाऱ्यांच्या यादीतून तिचं नाव गेलं.

हरण्याचं मला काही नाही. खेळ म्हटला की हार आलीच. पण तिच्या सरांनी जे केलं, त्याने माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली! या सरांना मोबाईलवर परदेशातले व्हिडिओ बघायचा भारी नाद. तिकडे तो लांबोडका चेंडू घेऊन एकमेकांना धडका देतात ना, त्या अमेरिकन फुटबॉलात म्हणे कॉलेजच्या संघांचे प्रशिक्षक सामन्याची फिल्म पुनःपुन्हा लावतात, आक्रमणाच्या एकेका चालीची चिरफाड करतात. उत्तम! अवश्य शिकावं. मीही कुतूहलाने त्यातले दोन-चार व्हिडिओ पाहिले. नियम काही डोक्यात शिरले नाहीत, पण एक गोष्ट मात्र माझ्यासारखीलाही उमगली. तिथे चाल बाहेर उभा असलेला प्रशिक्षक सांगतो, आणि ती फसली की पहिला प्रश्न हाच निघतो, ही चाल सांगितली कुणी? आमच्या सरांनी भिंतीवर फिल्म पाडायला घेतली, बाण काढायला घेतले, मधेच थांबवून काठी टेकवायला घेतली, सगळं घेतलं. हा प्रश्न तेवढा तिकडेच ठेवून आले.

रेवती त्या आठवड्यात जेवताना वर बघत नसे. विचारलं तर म्हणे, "आत्या, सर रोज तेच दाखवतात." काय दाखवतात? ती खुंटाकडे धावते आहे, पळणारी तिच्या पुढे आहे, रेवतीचा हात खुंटाजवळच्या चौकोनात बसलेल्या पल्लवीच्या पाठीकडे जातो, अर्ध्यात थांबतो, मागे येतो, आणि रेवती पुढे धावत खुंटावर सूर मारते, म्हणजे खुंट धरून पळणारीवर झेप घेते. पळणारी हुलकावणी देऊन ओळीतून पलीकडे निसटते. शिट्टी. रेवती मातीत पालथी. इथे फिल्म थांबवायची, तो हात काठीने दाखवायचा आणि म्हणायचं, "हे बघा. मनात दोन विचार. इथं मॅच गेली." मग मागे नेऊन पुन्हा. सावकाश गतीने पुन्हा. एखाद्या पोरीचं पडणं इतक्या वेळा, इतक्या सावकाश, तिच्या मैत्रिणींसमोर भिंतीवर दाखवायचं, याला प्रशिक्षण म्हणायचं? माझ्या शब्दकोशात याला दुसरा शब्द आहे, तो इथे लिहीत नाही.

मी तिला विचारलं, हात का गं मागे घेतलास? तिने ताटातली भाकरी मोडली. मग म्हणाली, "सर वरडले की. खुंट, रेवती, खुंट म्हणून." म्हणजे तिला दिसलं होतं, की पळणारी आता पलीकडे वळणार; तिचा हात खो द्यायलाच निघाला होता; आणि ऐन त्या निमिषाला बाहेरून आज्ञा आली, खो देऊ नकोस, खुंटावर सूर मार. पोरीने ऐकलं. मग ही गोष्ट फिल्ममध्ये कशी नाही? तर सर आवाज बंद करून लावतात. शिट्ट्या आणि आरडाओरड्याने लक्ष विचलित होतं म्हणे!

मी भावाला फोन केला. तो तिकडे अकलूजला दूध डेअरीत असतो, स्वभावाने गाय. "आक्का, ते सर मोठी माणसं हाईत. आपण कशाला तोंड घालायचं? पोरीचं वर्ष नीट पार पडू दे की." पडू दे काय पडू दे! नाव कापलं गेलं, आता आणखी काय पडायचं बाकी आहे? आपल्याकडे ही एक मोठी विचित्र रीत आहे. अन्याय झाला की ज्याच्यावर झाला त्यालाच आधी गप्प बसवायचं, आणि त्याला समजूतदारपणा असं गोंडस नाव द्यायचं. समजूतदारपणाचा हा वारसा मी भावाकडेच राहू दिला आणि कॉलेजात गेले.

योगायोगाने सरांनीच पालकांना बोलावलं होतं. यादी कशी निवडली, हे फिल्म दाखवून समजावणार होते. मुली सतरंजीवर, पालक मागच्या खुर्च्यांवर, खिडक्यांना काळे पडदे. सर वाईट माणूस दिसत नव्हते, तेही सांगते. टापटीप शर्ट, बोलणं मऊ, चहाची चौकशीसुद्धा केली. भिंतीवर माझी पोरगी पुन्हा धावली, तिचा हात पुन्हा थांबला, पुन्हा ती मातीत पडली. काठी टेकली. "मनात दोन विचार," सर म्हणाले. मी उभी राहिले. म्हटलं, "सर, जरा आवाज सुरू करता का?"

"मॅडम, नुसता गोंगाट आहे हो."

"असू दे की गोंगाट. खो-खो आहे, कीर्तन नव्हे. सुरू करा."

ते दोनदा हसले. पण इतर पालकही माना वळवून बघायला लागले होते, तेव्हा नाइलाजाने त्यांनी बटण दाबलं. खोलीत एकदम मैदान शिरलं! टाळ्या, शिट्ट्या, धापा, खो, खो, खो. चित्रण करताना मोबाईल तीन पायांच्या स्टँडवर सरांच्याच खुर्चीजवळ उभा केलेला होता, त्यामुळे त्यांचा आवाज सर्वांत मोठा. रेवतीचा हात निघाला मात्र, आणि भिंत दुमदुमली, "खुंट! रेवती, खुंट! खो देऊ नको!" हात मागे आला. त्यात दोन विचार कुठले? पहिला तिचा होता आणि तो बरोबर होता. दुसरा सरांचा होता.

सरांनी फिल्म बंद केली आणि चष्मा पुसला. मग म्हणाले, "मॅडम, मॅचमध्ये आम्ही पन्नास गोष्टी ओरडतो. कुठली ऐकायची, हे खेळाडूला कळायला पाहिजे." ऐका! ऐकलं तर अक्कल नाही, आणि नसतं ऐकलं तर शिस्त नाही! पोरीने करावं तरी काय? मीही मग मोकळी सुटले. म्हटलं, सर, चाल तुमची, माती तिच्या तोंडात, आणि वर काठीही तिच्याच हातावर? जिंकला असता तर हीच फिल्म तुम्ही आवाज मोठा करून लावली असती. शब्द पुढे-मागे होत होते, एका पालकांनी मला पाण्याची बाटली दिली. सर म्हणाले, "बघू." दुसऱ्या दिवशी यादीत रेवतीचं नाव परत आलं. त्याखाली खुलासा नाही, चूक झाल्याचा एक शब्द नाही. पण नाव आलं.

खरी गोष्ट मात्र त्याआधीच, कॉलेजातून घरी येताना, रिक्षात घडली होती. मी विजयाने नुसती फुगले होते. सरांचा चेहरा कसा उतरला, बटण दाबताना हात कसा अडखळला, पुन्हा पुन्हा सांगत होते. रेवती बाहेर बघत होती. अखेर म्हणाली, "आत्या, तू आज ऐकवलंस ते नवीन कुणाला होतं? त्या सगळ्यांनी त्याच दिवशी ऐकलं होतं की, मैदानात. पल्लवी तर किती जवळ होती."

खरंच की! ओळीत बसलेल्या त्या साऱ्या मुली, ज्यांचं अवघं लक्ष कानांत गोळा झालेलं असतं, त्यांना ती आरोळी ऐकू आली नसेल? आणि रोज भिंतीवरचा तो हात पाहत, रोज काठीचं टेकणं पाहत, त्या सतरंजीवर मुकाट बसून राहिल्या! मी म्हटलं, मग तू तरी का नाही बोललीस? ती म्हणाली, "मी बोलले असते तर सबब सांगितल्यासारखं झालं असतं. त्यांनी बोलायचं होतं." मी त्या मुलींच्या नावाने बोटं मोडायला लागले, तशी तिने माझा हात धरला. "राहू दे गं. त्यांनाबी संघात राहायचं हाय."

केवढा राग यावा माणसाला, आणि तो काढावा तरी कुणावर? फिल्मचा आवाज एक बटण दाबून सुरू करता आला. या विशी-बाविशीतल्या पोरींचा आवाज कुणी बंद करून ठेवला आहे, आणि त्याचं बटण कुठल्या भिंतीवर शोधायचं? खरं बोललं की जागा जाते, हे यांना कोणत्या इयत्तेत शिकवतात? मी स्वतः आयुष्यभर मास्तरकी केली. शिकवलं तर आम्हीच असणार, दुसरं कोण!

यादी लागल्यावर आलेल्या पहिल्या सरावाला मी मुद्दाम गेले, कुंपणापाशी उभी राहिले. रेवती आपल्या चौकोनात बसली होती, एक गुडघा मोडून, बोटं मातीला टेकवून, ज्यांनी तिच्यासाठी तोंड उघडलं नाही त्यांच्याकडे पाठ करून. पाठलाग पल्लवी करत होती. ती मागून धावत आली, तिची थाप पाठीवर पडली, आणि रेवती उठली. मान वळवून पाहिलं नाही, अडखळली नाही, नुसती सुटली. मला नसतं जमलं हो. पल्लवीचा 'खो' पार रस्त्यापर्यंत ऐकू गेला असेल. केवढा मोठा आवाज आहे त्या पोरीचा!